एकच देह, दोन दप्तरे

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. गेली बारा-तेरा वर्षे त्यांना मधुमेह आहे आणि शिक्षकी पेशाला साजेशा शिस्तीने ते तो सांभाळीत आले आहेत. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतर रक्त तपासून घ्यावयाचे, आकडे एका वहीत तारीखवार उतरावयाचे आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावयाचे, हा त्यांचा परिपाठ. दोन वर्षांपूर्वीच्या एका फेरीत त्यांचे वजन चार किलोंनी उतरलेले आढळले. वजन कमी करा, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगण्यात येत होते. तेव्हा डॉक्टरांनी त्यांचे अभिनंदन केले आणि गुरुजीही प्रसन्न मनाने घरी आले. साखर मात्र चढली होती, म्हणून एक गोळी वाढविण्यात आली. खोकला होता; पण तो घरासमोर चाललेल्या रस्त्याच्या कामातील धुळीमुळे असणार, असे गुरुजींनी स्वतःच ठरवून टाकले होते. डॉक्टरांनी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. पुढच्या फेरीला वजन आणखी तीन किलोंनी उतरले. तिसऱ्या फेरीची वेळ येण्यापूर्वीच एका रात्री खोकल्याबरोबर रक्त पडले, आणि मग छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी असा सारा क्रम झाला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात क्षयाने पोखरून पोकळी केली होती.

उपचार सरकारी क्षयरोग केंद्रातून सुरू झाले. नियमाप्रमाणे घरातील मंडळींची चौकशी झाली आणि चार वर्षांच्या नातवाला प्रतिबंधक औषध चालू करण्यात आले. गुरुजींच्या पत्नीस खोकला नव्हता, ताप नव्हता. त्यांचे नाव यादीत लिहिले गेले आणि यादीतच राहिले. त्या स्वतः आठ वर्षांच्या मधुमेही आहेत, हे केंद्रात कोणी विचारले नाही. आणि घरात क्षयाचा रुग्ण आहे, हे त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना कोणी सांगितले नाही. यात कोणा एकाचा मोठा अपराध आहे, असे नाही. प्रत्येकाने आपापल्या दप्तरातील रकाने नीट भरले होते. परंतु मधुमेहाचे दप्तर एकीकडे आणि क्षयाचे दुसरीकडे, आणि एका दप्तरातील कागद दुसऱ्यात कधी जात नाही, अशी आपल्याकडील व्यवस्था आहे. देह मात्र एकच असतो. या विसंगतीची किंमत किती मोठी आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जुनी ओळख

क्षय हा दारिद्र्याचा रोग आणि मधुमेह हा सुखवस्तू माणसाचा, अशी आपली ठाम समजूत आहे. वस्तुतः या दोन व्याधींची ओळख फार जुनी आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात अवघे आठ अध्याय आहेत. त्यांत एक प्रमेहाचा आहे आणि एक शोषाचा. ज्याला आपण आज गरिबाचा रोग म्हणतो, त्याला आपल्या पूर्वजांनी राजयक्ष्मा म्हटले. दक्षाच्या शापाने चंद्राला जडलेला तो हा रोग, अशी कथा रचली. मधुमेही माणसाला क्षय वारंवार गाठतो, असे निरीक्षण मध्ययुगातील थोर वैद्य इब्न सीना याच्या नावावर सांगितले जाते. मराठी माणसाच्या स्मृतीतही दोन्ही रोग आहेत, फक्त वेगवेगळ्या कप्प्यांत. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ या मंडालेच्या कारावासात मधुमेहाशी झगडावे लागले. यांपैकी कोणीही आपापल्या रोगाच्या ठरीव चौकटीत बसत नाही.

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरांटो येथे लागला. त्यापूर्वीचे मधुमेही जी दुखणी होऊन दगावत, त्यांत क्षय हे एक प्रमुख दुखणे होते. इन्सुलिन आल्यावरही हा संबंध तुटला नाही. बोस्टन येथील डॉ. हॉवर्ड रूट यांनी १९३४ मध्ये आपल्या मधुमेही रुग्णांच्या नोंदींवरून तो सविस्तर मांडला. परंतु पुढे दोन्ही रोगांचे नशीब पालटले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हाती आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि नंतरच्या दशकात रिफॅम्पिसिन आले. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले, की पाचगणी-मिरजेसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात महिनोन् महिने न राहता घरी राहून औषध घेणारा रुग्णही तितकाच बरा होतो. हा शोध साऱ्या जगाला उपकारक ठरला. क्षयाचा कारभार सरकारी केंद्रांकडे गेला, मधुमेहाचा मुख्यतः खाजगी दवाखान्यांकडे. आणि दोघांची जुनी ओळख वैद्यकाच्याही विस्मरणात गेली. ती पुन्हा नीट जागी झाली २००८ मध्ये, जेव्हा हार्वर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील तेरा पाहण्या एकत्र तपासून सांगितले, की मधुमेही माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो.

संसर्ग म्हणजे रोग नव्हे

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. कारण सुशिक्षितांतही त्याबद्दल गोंधळ आहे. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे ज्या जंतूची ओळख जगाला करून दिली, तो श्वासावाटे शरीरात शिरला म्हणजे माणूस लगेच आजारी पडतो, असे नाही. बहुतेकांच्या शरीरातील रक्षक पेशी त्याला घेरतात, त्याच्याभोवती जणू तट बांधतात आणि तो आत कोंडला जातो. तो मरतोच असे नाही. वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. या अवस्थेला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, त्याच्यापासून कोणाला लागणही होत नाही. त्याला रोगी म्हणणे सर्वस्वी चूक आहे. अशा शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हा तरी प्रत्यक्ष क्षय होतो. उरलेले तो जंतू उरात वागवीतच आपले आयुष्य पुरे करतात.

मधुमेह आपला प्रताप दाखवितो तो येथे. जंतू शरीरात शिरण्याची शक्यता मधुमेहाने फारशी वाढत नाही. तो हवेतून येतो आणि हवा सर्वांना सारखीच. वाढते ती सुप्त जंतू जागा होण्याची शक्यता. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली, की जंतूला गिळून टाकणाऱ्या पेशी मंदावतात आणि त्यांच्या मदतीला धावणाऱ्या पेशींना वर्दी उशिरा पोहोचते. तट खचू लागतो. त्यातच, क्षय जागा झाला की तापामुळे आणि शरीरावर पडणाऱ्या ताणामुळे साखर आणखी चढते आणि चढलेली साखर क्षयाला आणखी वाव देते. गुरुजींची साखर गोळ्या घेऊनही का चढली, याचे उत्तर बहुधा या चक्रात होते. पथ्य पाळूनही साखर आवरेनाशी झाली तर तिच्यामागे एखादा दडलेला संसर्ग आहे काय, हे पाहावे, असे वैद्यकाचे विद्यार्थी शिकतात. पण गर्दीच्या दवाखान्यात ते आठवावयास सवड मिळत नाही.

एक त्रैराशिक

आता आपल्या देशाचा हिशेब मांडून पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ज्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष प्रौढ मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळतो. मधुमेह्यांतही तेच प्रमाण धरले, तर तीन कोटींहून अधिक माणसे अशी निघतात की ज्यांच्या शरीरात सुप्त जंतूही आहे आणि त्याला जागविणारी साखरही आहे. ही शिरगणती नव्हे, शाळेतले त्रैराशिक आहे. पण प्रश्नाचा आवाका त्यावरून ध्यानी यावा.

प्रत्यक्ष क्षयरुग्णांची साखर जेथे जेथे तपासली गेली, तेथील आकडेही बोलके आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत तमिळनाडूतील क्षयरुग्णांपैकी सुमारे २५ टक्के, तर केरळातील तब्बल ४४ टक्के मधुमेही निघाले. देशाच्या निरनिराळ्या भागांत आठ हजारांहून अधिक क्षयरुग्णांची जी तपासणी झाली, तीत १३ टक्क्यांना मधुमेह आढळला. आणि त्या १३ पैकी पाच टक्क्यांना तो आपल्याला आहे, याचा त्या दिवसापर्यंत पत्ताच नव्हता. क्षयाच्या निमित्ताने त्यांचा मधुमेह उघडकीस आला.

मधुमेह सुखवस्तूंचा रोग उरला आहे काय, याचेही उत्तर आता मिळाले आहे. संशोधन परिषदेच्याच २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेने संपन्न अशा राज्यांच्या शहरी भागांत (आणि त्यांत महाराष्ट्र येतो) मधुमेहाचे प्रमाण वरच्या स्तरापेक्षा आर्थिकदृष्ट्या खालच्या स्तरातच अधिक आहे. याचा अर्थ उघड आहे. जेथे एका खोलीत सहा माणसे झोपतात, जेथे वारा खेळत नाही आणि म्हणून क्षय जेथे पिढ्यान् पिढ्या मुक्काम ठोकून आहे, तेथे आता मधुमेहही राहावयास आला आहे. बंगल्यातला रोग आणि चाळीतला रोग हा भेद आपल्या मनात शिल्लक आहे. चाळीत तो पुसला गेला आहे.

उपचारातील गुंतागुंत

दोन्ही रोग एकत्र आले, की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासानुसार मधुमेही क्षयरुग्णाच्या मृत्यूचा धोका इतर क्षयरुग्णांच्या जवळजवळ दुप्पट आणि बरे झाल्यावर रोग उलटण्याचा धोका जवळजवळ चौपट असतो. निदानातही अडचण असते. क्षयाची छाया सामान्यतः फुप्फुसाच्या वरच्या भागात शोधण्याची डॉक्टरांच्या डोळ्यांना सवय असते. मधुमेह्यात ती पुष्कळदा खालच्या भागात दिसते आणि न्यूमोनिया समजून आधी इतर औषधे दिली जातात. वजन उतरणे, थकवा येणे, ही लक्षणे दोन्ही रोगांत समान. म्हणून ती मधुमेहाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे सोपे जाते.

औषधांचेही एकमेकांशी पटत नाही. क्षयावरील रिफॅम्पिसिन हे यकृताला अशी चालना देते, की मधुमेहावरील काही नेहमीच्या गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिमेपिराइड, शरीरातून लवकर निचरा होऊन निष्प्रभ होऊ लागतात. साखर चढते, डोस वाढवावा लागतो किंवा इन्सुलिन द्यावे लागते; आणि क्षयाचा उपचार संपताच तोच वाढलेला डोस साखर एकाएकी खाली आणू शकतो. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात, आणि मधुमेह्याच्या नसा आधीच दुबळ्या झालेल्या असतात. म्हणून त्याच्या जोडीला ब-६ जीवनसत्त्व द्यावयाचे असते. हे काही गहन शास्त्र नव्हे. परंतु एका डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी दिसलीच नाही, तर साधी गोष्टही अवघड होते.

घरात तर निराळाच पेच पडतो. क्षयरुग्णाला अंडी, दूध, तूप, केळी खाऊ घाला, असे एक शेजारी सांगतो. मधुमेह्याने केळ्याकडे पाहूही नये, असे दुसरा. भेटीला येणारे शिऱ्याचा डबा आणतात आणि रुग्ण ओशाळून दोन घास खातो. क्षयरुग्णाच्या पोषणासाठी सरकार २०१८ पासून दरमहा जे पाचशे रुपये देत असे, ते नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्या हजार रुपयांत मधुमेह्याने डाळी, कडधान्ये, अंडी, शेंगदाणे घ्यावेत की साखर-तांदूळ, हे त्याला समजावून सांगणारे कोणी तरी हवे. उपाशी राहून साखर आवरणे हा क्षयरुग्णाच्या बाबतीत आत्मघात ठरतो.

कागदावरील मैत्री

सरकारला हे ठाऊक नाही, असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच दोन्ही रोगांच्या कार्यक्रमांनी हातात हात घालून कसे चालावे, याची रूपरेषा दिली. भारत सरकारने मार्च २०१७ मध्ये आपली स्वतंत्र रूपरेषा प्रसिद्ध केली. प्रत्येक क्षयरुग्णाची साखर तपासावी, आणि मधुमेहासाठी येणाऱ्या प्रत्येकाला क्षयाची लक्षणे विचारावीत, असे तीत स्वच्छ म्हटले आहे. यांपैकी पहिला अर्धा भाग पुष्कळसा अंमलात आला. कारण क्षयाचा कार्यक्रम एका छत्राखाली आहे, त्याची नोंदवही आहे आणि नोंदवहीत साखरेचा रकाना आहे. दुसरा अर्धा भाग मात्र लंगडा राहिला. मधुमेह्यांना ना एक छत्र आहे, ना एक नोंदवही. ते गल्लोगल्लीच्या दवाखान्यांत, धर्मादाय रुग्णालयांत, औषधाच्या दुकानात विखुरलेले आहेत. क्षयरुग्ण आढळल्यास कळविणे खाजगी डॉक्टरांवर मे २०१२ पासून बंधनकारक आहे. पण क्षय आहे काय, असे आधी विचारणे कोणावर बंधनकारक नाही.

विचारावयाचे तरी काय असते? चार प्रश्न: खोकला आहे काय, ताप येतो काय, रात्री घाम सुटतो काय, वजन उतरले काय. चारही विचारावयास एक मिनिटही लागत नाही. अर्थात, केवळ प्रश्नांवर भागत नाही, हेही खरे. राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटून गेले असते. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरून नेता येईल अशी एक्स-रे यंत्रे घेऊन कर्मचारी वस्त्यांत गेले आणि मधुमेह्यांना धोक्याच्या गटात धरले गेले. हे योग्यच झाले. परंतु मोहीम संपते आणि मधुमेह उरतो. जी गोष्ट दर तीन महिन्यांच्या भेटीत होऊ शकते, ती मोहिमेवर सोपविणे म्हणजे रोजच्या जेवणाची जबाबदारी सणावर टाकण्यासारखे आहे.

देश २०२५ पर्यंत क्षयमुक्त करण्याचा संकल्प आपण २०१८ मध्ये जाहीर केला होता. ते वर्ष आले आणि गेले. दर लाख लोकसंख्येमागे २०१५ मध्ये २३७ नवे रुग्ण होत असत, ते २०२४ मध्ये १८७ झाले. घट साधारण पाचव्या हिश्शाची आहे आणि ती जगाच्या मानाने चांगली आहे. पण उद्दिष्ट ८० टक्क्यांचे होते. उरलेली वाट अधिक बिकट आहे. कुपोषण, तंबाखू, दारू, एचआयव्ही आणि मधुमेह ही क्षयाची पाच प्रमुख आश्रयस्थाने मानली जातात. आपल्या देशात यांतील मधुमेहाचे आश्रयस्थान विस्तारत चालले आहे, हे विसरून क्षयाचा हिशेब पुरा होणार नाही.

प्रतिबंधक गोळ्या कोणाला?

मग प्रत्येक मधुमेह्याची संसर्गासाठी तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध का देऊ नये? प्रश्न साहजिक आहे. तपासणीची साधने आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेली मांटू चाचणी आहे; पण आपल्याकडे बहुतेकांना बालपणी बीसीजी टोचलेली असल्याने ती फसवू शकते. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली ‘सी-वाय टीबी’ ही त्वचेवरील नवी चाचणी उपलब्ध झाली आहे. तिला बीसीजीचा अडथळा होत नाही. औषधही आहे. पूर्वी सहा महिने रोज गोळी घ्यावी लागे. आता आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे औषध घेऊन काम भागू शकते.

तरीही सरसकट औषध द्यावे, असे म्हणण्याचे धाडस आज करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनीही केवळ मधुमेह आहे, एवढ्यावरून संसर्गाची सरसकट तपासणी सुचविलेली नाही. कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. शंभरातील नव्वदांना जो रोग कधी होणारच नाही, त्याच्यासाठी कोट्यवधी लोकांना औषध द्यावे लागेल. ते औषध यकृताला त्रासदायक ठरू शकते आणि मधुमेही पुष्कळदा उतारवयातील असतात. आणि सर्वांत मोठा धोका असा, की रोग जागा झाला आहे हे न ओळखता अपुरे औषध दिले, तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो. मधुमेह्यांना असे औषध देऊन पाहण्याचा एक शास्त्रीय प्रयोग पूर्व आफ्रिकेत युगांडा आणि टांझानियात हाती घेण्यात आला. जगातील मधुमेह्यांचा इतका मोठा हिस्सा ज्या देशात राहतो, त्या आपल्या देशात असे मोठे प्रयोग अग्रक्रमाने व्हावयास हवेत. मद्रासच्या केंद्राने १९५९ मध्ये जगाला जे शिकविले, ते आपल्याच रुग्णांवर, आपल्याच परिस्थितीत केलेल्या प्रयोगातून शिकविले होते.

परंतु सरसकट देऊ नये, याचा अर्थ कोणालाच देऊ नये, असा होत नाही. ज्याच्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, असा मधुमेही हा संशयाचा विषयच नाही. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार फुप्फुसाचा क्षय झालेल्या रुग्णाच्या घरातील सर्व वयाची माणसे, रोग नाही अशी खात्री करून घेतल्यावर, प्रतिबंधक औषधास पात्र आहेत. मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिसवर असलेले रुग्णही त्यात आहेत; आणि डायलिसिसच्या खाटांवर मधुमेही किती असतात, हे सांगावयास नको. म्हणजे नवा कायदा नको, नवी योजना नको. घरातील माणसांची यादी करताना वय विचारतात, तसे ‘साखर आहे का’ हेही विचारावे आणि हो म्हणणाऱ्याचे नाव यादीत सर्वांत वर लिहावे, एवढेच करावयाचे आहे.

आणि जो कोणत्याच यादीत नाही, त्याच्या हातातही एक साधन आहे. हाँगकाँगमध्ये पासष्ट वर्षांवरील बेचाळीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की ज्या मधुमेह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या खाली होती, त्यांना क्षयाचा वाढीव धोका नव्हता. सातच्या वर होती, त्यांना तो जवळजवळ तिप्पट होता. साखर आवरा, असे सांगताना डॉक्टर डोळे, मूत्रपिंडे, पाय यांची भीती घालतात. या यादीत फुप्फुसांचेही नाव घालावयास हरकत नाही. भीतीसाठी नव्हे, तर जंतू कोंडून ठेवणारा तट रोजच्या भाकरीच्या हिशेबाने टिकतो, हे कळावे म्हणून.

शेवटचा अडसर मनातला आहे. मधुमेह आहे, हे आपण चारचौघांत सांगतो. लग्नाच्या पंगतीत गोड नको म्हणताना त्याचा उच्चार सहज होतो. क्षय झाला, हे मात्र आपण दडवितो. गुरुजींनीही पहिले दोन महिने शेजाऱ्यांना न्यूमोनिया झाल्याचेच सांगितले. ज्या रोगाचे नाव घेण्याची लाज वाटते, त्याची चौकशी रुग्ण आपण होऊन करीत नाही; म्हणून ती डॉक्टरांनीच करावयास हवी.

गुरुजी आता बरे आहेत. त्यांच्या पत्नीचा प्रश्न सोडविला तो त्यांच्या लेकीने. आईची मधुमेहाची वही एका पिशवीत आणि वडिलांचा क्षयाचा केसपेपर त्याच पिशवीत घालून ती केंद्रात गेली आणि दोन्ही कागद तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तेथील डॉक्टरांनी ते पाहिले, एक्स-रे काढविला, रोग नसल्याची खात्री केली आणि बारा आठवड्यांचे औषध लिहून दिले. मधुमेहाच्या डॉक्टरांना चिठ्ठीही दिली. सारे काम एका सकाळीत झाले. प्रत्येक घरात अशी लेक असतेच, असे नाही. ती दोन दप्तरे एका टेबलावर आणण्याचे काम तिच्यावर सोपवून समाजाला आणि शासनाला मोकळे होता येणार नाही.